नागरी सहकारी बँक

सहकार कायद्याखाली नोंदलेली, रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालणारी आणि सभासदांच्या मालकीची बँक. जिल्हा मध्यवर्ती बँका शेतीकर्जासाठी असतात. ही शहरातल्या दुकानदार, कारागीर आणि पगारदारांची.

जर्मनीत हेर्मान शुल्त्स-डेलिच यांनी १८५० च्या सुमारास कारागिरांसाठी अशा पतपेढ्या काढल्या. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहकारी मंडळी स्थापली ती १८८९ मध्ये, म्हणजे सहकाराचा कायदा (१९०४) येण्याच्या पंधरा वर्षे आधी. पुढे पुण्यात कॉसमॉस आणि मुंबईत शामराव विठ्ठल (दोन्ही १९०६), मग सारस्वत (१९१८). शेवटच्या दोन्ही सारस्वत समाजातून उभ्या राहिल्या. जामीन कोण राहणार, हा प्रश्न तिथे ओळखीपाळखीतच सुटे.

खाजगी बँकेशी फरक भागभांडवलात दिसतो. कितीही भाग (शेअर) घेतले तरी मत एकच. भागाला बाजारभाव नसतो. सभासदत्व सोडताना सहसा दर्शनी किंमतच परत मिळते. महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याने लाभांशही १५ टक्क्यांवर रोखला आहे. म्हणजे पैसा फुगवायला कोणी इथे भाग घेत नाही, कर्ज हवे म्हणून घेतो. चार लाखांचे तारणी कर्ज मंजूर झाले, की रूढ अडीच टक्क्यांप्रमाणे दहा हजारांचे भाग घ्यावे लागतात. कर्जदार असा मालक होतो.

साताऱ्यातील म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक (१९९७) हे याचे ठसठशीत उदाहरण. प्रवर्तक बायका निरक्षर म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा यांच्यासोबत त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचे व्याज विचारा, तोंडी सांगतो. साहेबांनीही कॅल्क्युलेटर न घेता करून दाखवावे. परवाना मिळाला.

दुखणेही या रचनेतच आहे. बँक चालते ठेवींवर: भाजीवाली रोज संध्याकाळी पिग्मी (रोजच्या बचतीच्या) एजंटाच्या हातावर ठेवते त्या पन्नास-शंभरांवर. पण ठेवीदार सभासद नसेल तर त्याला मत नाही. वार्षिक सभेत अहवालाचे पुस्तक वाटले जाते, ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो आणि निवडणूक आली की संचालकांचे तेच पॅनेल पुन्हा निवडून येते. सहकारी बँका बुडतात त्या बहुधा या ‘मंजूर’मुळे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे बहुतांश कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे सप्टेंबर २०१९ मध्ये उघड झाले, आणि ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली.

फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवींवर पाच लाखांपर्यंत विमा आहे. त्याआधी तो एक लाख होता. रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेल्या पतसंस्थेतील ठेवींना तो लागू नाही.