उशाहिदी

उशाहिदी : दंगल, निवडणुकीतला हिंसाचार किंवा नैसर्गिक आपत्ती यांच्या काळात सामान्य माणसांनी मोबाइलवरून वा इंटरनेटवरून कळवलेल्या घटना नकाशावर मांडणारी संगणकप्रणाली. जन्म केनियात, जानेवारी २००८. स्वाहिलीत ‘उशाहिदी’ म्हणजे साक्ष. ज्या अरबी धातूपासून हा शब्द आला, त्याच धातूपासून आपला ‘शहीद’ही आला. मराठीत तो मरणाऱ्याला चिकटला, स्वाहिलीत पाहणाऱ्याकडेच राहिला.

केनियात २७ डिसेंबर २००७ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. सुरुवातीच्या मोजणीत विरोधी उमेदवार रायला ओडिंगा पुढे होते. ३० तारखेला मात्र तत्कालीन अध्यक्ष म्वाई किबाकी विजयी झाल्याचे जाहीर झाले आणि त्याच संध्याकाळी त्यांचा शपथविधीही उरकण्यात आला. निकालावरून हिंसाचार उसळला आणि सरकारने थेट प्रक्षेपणावर बंदी घातली. १ जानेवारीला एल्डोरेटजवळ किआंबा येथे चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या लोकांसह ते चर्च पेटवून देण्यात आले. फेब्रुवारीअखेर संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने समझोता झाला, तोवर चौकशी आयोगाच्या मोजणीनुसार १,१३३ माणसे मारली गेली होती आणि लाखो बेघर झाली होती.

थेट बातम्या थांबल्यावर लोकांच्या हाती उरला तो साधा, बटणांचा फोन. त्याचीही पंचाईत झाली. दुकाने बंद असल्याने नाण्याने खरवडायची रिचार्जची कार्डे मिळेनात, मिळाली तर चढ्या भावाने. परदेशातले नातेवाईक तिथून टॉकटाइम विकत घेऊन घरच्यांच्या फोनवर टाकू लागले. दंगलीच्या काळात धान्याइतकीच टॉकटाइमचीही टंचाई असते, हे तेव्हा दिसले.

वकील आणि ब्लॉगलेखिका ओरी ओकोल्लो मतदानासाठी मायदेशी आल्या होत्या. ३ जानेवारीला त्यांनी लिहिले, की कुठे काय घडते आहे ते गूगलच्या नकाशावर दाखवणारे काही कोणी जाणकार तयार करील का? डेव्हिड कोबिया, एरिक हर्समन आणि ज्युलियाना रोटिच हे त्यांना येऊन मिळाले. पहिली आवृत्ती काही दिवसांतच उभी राहिली. अर्थात ती घाईत जुळवलेली होती; एसएमएससाठीचा छोटा क्रमांकही मागाहून जोडला गेला.

प्रणालीचे काम ऐकायला सोपे आहे : खबर येते, तिला ठिकाण, वेळ आणि प्रकार (जाळपोळ, लूट, मृत्यू, मदतकार्य) जोडला जातो, नकाशावर ठिपका उमटतो. खरा घाम मधल्या टप्प्यात गळतो. समजा, ‘सोवेटोत घरे जळताहेत’ एवढाच संदेश आला. सोवेटो नावाची वस्ती नैरोबीतल्या किबेरा झोपडपट्टीत आहे आणि शहरात त्याच नावाच्या इतर वस्त्याही आहेत. पाठवणाऱ्याला ते सांगायची गरज वाटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सोवेटो एकच. मग स्वयंसेवकाने आजूबाजूच्या खबरा पडताळायच्या, ओळखीच्याला फोन लावायचा, तेव्हा कुठे ठिपक्याची जागा ठरते. त्यातून त्या काळी उपलब्ध नकाशांवर किबेराची जागा जवळपास कोरी होती. तिथल्या तरुणांनी गल्लीबोळांचा नकाशा करायला घेतला तो २००९ मध्ये. म्हणून उशाहिदीचे श्रेय नुसत्या तंत्राला देणे चूक आहे. फोन खबर आणतो; तिची साक्ष होते ती असे कुणीतरी ताडून पाहिल्यावर.

ज्या एसएमएसवरून खबरा येत होत्या, त्याच एसएमएसवरून जमातीजमातींत विष पेरणारे मजकूरही फिरत होते. एसएमएस सेवाच बंद करावी, असा विचार सरकारात चालू होता. सफारीकॉम या मोबाइल कंपनीचे प्रमुख मायकेल जोसेफ यांनी वेगळा मार्ग सुचवला आणि कंपनीने आपल्या सुमारे ९० लाख ग्राहकांना शांततेचे संदेश पाठवले. कोबियांच्या वाट्याला तर दोन्ही टोके आली. एकीकडे ते साक्षींचा नकाशा बांधत होते आणि दुसरीकडे त्यांनीच चालवलेला ‘मशादा’ हा चर्चामंच द्वेषाच्या मजकुराने भरून गेल्याने त्यांना तो काही काळ बंद करावा लागला.

पुढे उशाहिदी प्रणाली मुक्तस्रोत (कोणालाही वापरता व बदलता येईल अशी) झाली आणि देशोदेशी वापरली गेली. जानेवारी २०१० च्या हैती भूकंपात ४६३६ या क्रमांकावर आलेले क्रिओल भाषेतले संदेश परदेशस्थ हैतीवासीयांनी भाषांतरित केले, त्यातले कित्येक तिच्या नकाशावर गेले.

महाराष्ट्राने मोबाइलवरच्या संदेशांची दुसरी, अफवांची बाजू अधिक भोगली आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्यांच्या अफवांमुळे ईशान्येकडील विद्यार्थी व कामगार बंगळुरूप्रमाणे पुणेही सोडून निघाले. तेव्हा केंद्राने एकगठ्ठा एसएमएसवर तात्पुरती पाचाची मर्यादा घातली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर देशभर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, असे जाहीर केले. २०१२ चा तो पाचाचा आकडा पुन्हा आला, पण या वेळी कंपनीकडून.

अशा नकाशांतला एक धोका कायम आहे. ठिपका जितका अचूक, तितका साक्षीदार उघडा पडतो. एखाद्या गल्लीतून एकाच घराने खबर दिली असेल, तर हल्लेखोरालाही ते घर ओळखता येते. त्यामुळे चालत्या हिंसाचारात पाठवणाऱ्याचा क्रमांक झाकून ठेवणे, नेमके घर न दाखवता वस्तीपुरताच ठिपका टाकणे आणि काही खबरा मुद्दाम उशिरा दाखवणे, ही पथ्ये पाळावी लागतात.