पायथ्याचं वीजगृह आणि तीन देशांचा करार

जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेची पातळी वाढायला लागली की सांगलीत आयर्विन पुलाच्या आकड्याबरोबर आणखी एक वाक्य घरोघरी पोचतं : 'कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक विसर्ग सुरू.' नदीकाठचा माणूस त्यातला विसर्ग तेवढा ऐकतो आणि माळ्यावर काय काय चढवायचं याचा विचार करू लागतो. वाक्यातल्या 'वीजगृह' या शब्दाकडं माझंही लक्ष फार उशिरा गेलं.

धरणाच्या पायथ्याशी २० मेगावॉटची दोन यंत्रं आहेत, म्हणजे मिळून ४० मेगावॉट. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट असल्यानं हे ४० मेगावॉट म्हणजे सुटे पैसे. पण नेमकी एवढीच वीज नेपाळमधून बांगलादेशाला पाठवायची तर तीन देशांना एका टेबलाशी बसावं लागलं. नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांच्या वीजसंस्थांनी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडूत करार केला आणि १५ नोव्हेंबर २०२४ ला ती वीज पहिल्यांदा पोचली. गंमत अशी की यासाठी नवा खांब रोवावा लागला नाही. नेपाळ-भारत वाहिनी होती, भारत-बांगलादेश वाहिनीही होती. मग अडलं कुठं होतं?

उत्तर शोधायला काठमांडूला जायची गरज नाही, पाटण तालुक्यात सापडेल. कोयनेचं पाणी स्वतःच्या मर्जीनं वाहिलं तर कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि सांगलीवरून कर्नाटक, तेलंगणा, आंध्र करत बंगालच्या उपसागराला जातं. आपण ते अडवलं, डोंगरातून बोगदे काढले आणि पश्चिमेच्या खोल उतारावर पोफळी-अलोऱ्याच्या बाजूला सोडलं. तिथं ते यंत्रं फिरवतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जातं. पाण्यानं खोरं बदललं, समुद्र बदलला. एवढा उतार असताना सगळंच पाणी पश्चिमेला का वळवत नाही? कारण खालच्या राज्यांचाही त्या पाण्यावर हक्क आहे. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) ही मर्यादा घातली. १०५ टीएमसीच्या धरणातून पश्चिमेकडं किती वीज करायची, हे फक्त पाऊस आणि यंत्रं ठरवत नाहीत, कायद्याच्या कागदावरचा तो आकडाही ठरवतो. हद्द ओलांडणाऱ्या ऊर्जेचं मर्म मला या एका आकड्यात दिसतं. पायथ्याच्या वीजगृहाचं पाणी मात्र नदीतच राहतं, म्हणून ते आपल्या पुराच्या बातमीत येतं.

पाण्याला निदान दरवाजे लावता येतात. वीज त्याहून अवघड आहे. तिची साठवण अजून थोडीच होते, त्यामुळं जितकी वापरली जाते जवळपास तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. हे समजायला खळ्यावरची मळणी आठवा. मेढीभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैलांची पात धरलेली असते. सगळे बैल एकाच दाव्यात, एकाच चालीनं फिरतात. एक बैल दमला तर बाकीच्यांना जास्त ओढावं लागतं आणि सगळ्या पातीची चाल मंदावते. आपल्या ग्रिडमधली, म्हणजे देशभरच्या जोडलेल्या तारांच्या जाळ्यातली, जनित्रं अशीच एका पातीला जुंपलेली आहेत. त्यांची चाल म्हणजे वारंवारता, सेकंदाला ५० आवर्तनं. विजेची मागणी उत्पादनापेक्षा वाढली की हा आकडा ५० च्या खाली घसरतो, मागणी कमी पडली की वर जातो. कोयनेसारखं जलविद्युत केंद्र काही मिनिटांत सुरू होतं आणि बंदही होतं, म्हणून संध्याकाळी मागणी चढली की त्याला हाक मारतात.

भारताची पात फार काळ एक नव्हती. दक्षिणेकडची राज्यं वेगळ्या पातीत फिरत होती. मिरजेच्या पुढं म्हैसाळ ओलांडलं की थोड्याच अंतरावर वारंवारताच निराळी, ही गोष्ट तेव्हा रेल्वेनं बेळगावला जाणाऱ्या कुणाच्या गावीही नसेल. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वाहिनी सुरू झाली आणि दोन्ही पाती एक झाल्या. त्याआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला वेगळी सोय होती. एका बाजूची प्रत्यावर्ती (एसी) वीज आधी एकदिश (डीसी) करायची आणि लगेच दुसऱ्या बाजूच्या चालीची प्रत्यावर्ती वीज बनवायची. दोन खळ्यांवर दोन पाती आपापल्या चालीनं फिरताहेत आणि मधल्या बांधावरून धान्याची पोती मोजून पलीकडं दिली जाताहेत, असंच म्हणा ना.

शेजारी देशांशी हेच दोन मार्ग आहेत. भूतान आणि नेपाळ आपल्या पातीत सामील आहेत. बांगलादेशाशी मुख्य देवाणघेवाण पोत्यांची आहे. पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरहून वाहिनी जाते आणि बांगलादेशातल्या भेडामारा इथं विजेची ती उलटापालट होते. २०१३ मध्ये तिथं ५०० मेगावॉटची सोय झाली, २०१८ मध्ये तेवढीच आणखी. यात खर्च जास्त आहे, पण किती वीज द्यायची ते अचूक ठरवता येतं आणि एकीकडचा गोंधळ थेट दुसरीकडं पसरत नाही.

पसरला तर काय होतं? २८ सप्टेंबर २००३ च्या पहाटे स्वित्झर्लंडमध्ये एका उच्चदाब वाहिनीचा झाडाशी संपर्क आला. ती वाहिनी बंद पडली, तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला, त्याही एकामागून एक तुटल्या आणि सार्डिनिया बेट वगळता अख्खा इटली अंधारात गेला. झाड एका देशातलं, अंधार दुसऱ्या देशात. वाहिनीखालची झाडं कुणी आणि किती छाटायची हा प्रश्नसुद्धा म्हणूनच आंतरराष्ट्रीय होतो.

याहून मला जास्त विचार करायला लावते ती २०१८ ची घटना. त्या वर्षी जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत युरोपातल्या पंचवीस देशांत स्वयंपाकघरातल्या ओव्हनवरची आणि उशाशी ठेवलेली घड्याळं मागं पडत गेली, जवळजवळ सहा मिनिटं. ही घड्याळं ग्रिडची आवर्तनं मोजून वेळ दाखवतात. कोसोव्हो आणि सर्बिया यांच्यात वाद होता. कोसोव्होत वापराइतकी वीज तयार होत नव्हती आणि ती तूट भरायची जबाबदारी असलेल्या सर्बियाकडून ती भरली जात नव्हती. सुमारे ११३ गिगावॉट-तास, म्हणजे ११.३ कोटी युनिट, वीज हिशेबात आलीच नाही. सरासरी वारंवारता ५० ऐवजी ४९.९९६ झाली. फरक एवढासा, पण गणित करून पाहा : दर १२,५०० सेकंदांमागे एक सेकंद मागं. पन्नासेक दिवसांत ती सहा मिनिटं भरतात. दोन शेजाऱ्यांचं भांडण मिटलं नाही आणि त्याची नोंद पोर्तुगालपासून पोलंडपर्यंतच्या घड्याळांनी केली. पातीतला एक बैल कमी ओढू लागला की काय होतं, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

म्हणून तारेआधी हिशेब ठरवावा लागतो. नेपाळची वीज खरोखर ढाक्याला जाते का? आपल्या गावच्या दूध संकलन केंद्राचं बघा. तुमच्या म्हशीचं दूध डब्यात ओतलं की ते सगळ्यांच्या दुधात मिसळतं. सांगलीतल्या चहाच्या कपात कुणाच्या गोठ्यातलं दूध आलं हे सांगता येत नाही, तरी लिटर आणि फॅट वहीत चढलेलं असतं आणि तेवढ्याचेच पैसे मिळतात. तसंच इथं. नेपाळ आपल्याकडच्या ढल्केबरपासून बिहारमधल्या मुझफ्फरपूरला येणाऱ्या वाहिनीवरून ४० मेगावॉट आपल्या ग्रिडमध्ये ओततो, बांगलादेश बहरामपूर-भेडामारा वाहिनीवरून ४० काढून घेतो. दर युनिटला ६.४ अमेरिकी सेंट. वाटेत तारा तापून वीज वाया जाते, ती कुणाच्या नावावर घालायची? कबूल केल्यापेक्षा कमी ओतलं तर दंड किती? आपल्याकडं दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग करून प्रत्येकाचं वेळापत्रक आधी लिहिलं जातं, आणि सीमेपलीकडच्यालाही त्यातच बसावं लागतं. यासाठी २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि २०१९ मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगानं नियम केले. आपल्या तारांवरून दोन शेजाऱ्यांचा आपसातला व्यवहार होऊ देण्याची वाट या चौकटीतूनच गेली.

त्या चौकटीत निव्वळ तंत्र नाही. भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या, पण भारताशी वीज सहकार्याचा करार नसलेल्या देशाच्या कंपनीची मालकी प्रकल्पात असेल, तर त्या विजेला सहजासहजी परवानगी मिळत नाही. चिनी गुंतवणूक असलेल्या नेपाळी प्रकल्पांची वीज भारत घेत नाही ती यामुळं. सुरक्षेची काळजी मला समजते. पण नदी नेपाळची, धरण नेपाळचं आणि कर्जही नेपाळच्याच डोक्यावर, अशा वेळी आपला नियम शेजाऱ्याला किती जड जातो हेही आपण मनमोकळेपणानं पाहिलं पाहिजे.

आणि पैसा. वाहिनी दोन देशांत असते आणि फायदा दोघांना सारखा नसतो. आपल्या ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या वीजबिलासाठी ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी असं सूत्र आहे. त्या सूत्राआधी थकबाकीपायी पंप बंद असायचे आणि कालवे कोरडे, हे जत-कवठेमहांकाळच्या माणसाला सांगायला नको. युरोपात सीमेपारच्या वाहिन्यांसाठी असंच विभागणीचं सूत्र बसवण्याची रीतच कायद्यानं घालून दिली आहे. फायदा ज्या देशाला, त्याच्या ग्राहकावर त्या प्रमाणात खर्च. सूत्र नसेल तर अर्धी वाहिनी पूर्ण होते आणि अर्धी वाट बघत बसते. ढल्केबर-मुझफ्फरपूर वाहिनी ४०० केव्हीसाठी बांधली, पण २०१६ मध्ये सुरू झाली ती १३२ केव्हीवर, कारण ढल्केबरचं उपकेंद्र त्या दाबासाठी तयार नव्हतं. पूर्ण दाबावर यायला आणखी काही वर्षं गेली.

एक अडचण मात्र कोणत्याही कराराला सोडवता येत नाही. नेपाळच्या नद्या पावसाळ्यात फुगतात, म्हणून ती ४० मेगावॉट वीज १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढीच द्यायची असं ठरलं आहे. हिवाळ्यात नेपाळ उलट आपल्याकडून वीज विकत घेतो. आता साताऱ्याकडं बघा. ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या सगळ्यात जोरात फिरतात त्या पावसाळ्याच्या वाऱ्यावर. कोयना भरते तीही तेव्हाच. हिमालय आणि सह्याद्री दोघांची कणगी एकाच हंगामात भरते. धरणात पाणी राखून ठेवता येतं, वारा राखता येत नाही. त्यामुळं जास्त विजेचे पावसाळी दिवस आणि ओढाताणीचे उन्हाळी दिवस यांची सांगड सीमा कितीही मोकळ्या केल्या तरी आपोआप बसणार नाही.

भारत आणि नेपाळ यांनी ४ जानेवारी २०२४ रोजी दहा वर्षांत १०,००० मेगावॉटपर्यंत जायचं ठरवलं आहे. म्हणजे पाच कोयना, किंवा पायथ्याची अडीचशे वीजगृहं. बुटवल-गोरखपूरसारख्या नव्या वाहिन्या त्यासाठीच आहेत. कोयना धरणाचं तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होतं, त्या दिवशी ६७.५ टीएमसीचा हिशेब पुन्हा शून्यापासून मांडला जातो. त्यानंतर पंधरा दिवसांनी, १५ जूनला, नेपाळच्या त्या ४० मेगावॉटचं वेळापत्रक उघडतं. कोयनानगरला आणि ढल्केबरला तेव्हा माणसं एकाच मान्सूनची वाट बघत असतात.