अकुस्टिक गिटारची बॉडी : कोणत्या हाताला कोणता आकार

अकुस्टिक गिटारची बॉडी म्हणजे तो पोकळ लाकडी डब्बा. तारांनी वरची पातळ फळी थरथरते, आतली हवा हलते अन् आवाज बाहेर पडतो. डब्बा केवढा, किती खोल, कंबर किती आत गेलेली यावर आवाज बराच बदलतो, म्हणून रंग-पॉलिश पाहण्याआधी आपला हात कसा चालतो ते पाहावं.

गावाकडच्या पोट्ट्यांकडे बहुतेक ड्रेडनॉटच दिसते. खांदे रुंद, कंबर नावालाच, खालचा भाग साडेपंधरा इंचांच्या वर रुंद. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीनं १९१६ मध्ये डिट्सन या दुसऱ्या कंपनीसाठी ती बनवली, नाव ब्रिटिश युद्धनौकेवरून घेतलं, स्वतःच्या नावावर १९३१ पासून विकली. पिक, म्हणजे तार छेडायची चपटी पट्टी, घेऊन दणकून स्ट्रमिंग करायचं, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवायचा, संग चार जण गाणारे, तर हिला तोड नाही. खंजेरी भजनात तर छानच बसते, कारण खंजेरीची किणकिण वरच्या पट्टीतली अन् हिचा खर्ज खाली, दोघी एकमेकींच्या आड येत नाहीत.

पण आपल्याकडे वाजवतात कुठं, तर छपरीत सतरंजीवर मांडी घालून! तिथं ड्रेडनॉट काखेपर्यंत येते, उजवा खांदा वर उचलावा लागतो, अर्ध्या तासात मान आखडते. बोटांनी वाजवणाऱ्यानं म्हणून ओएम किंवा ट्रिपल-ओ या मधल्या आकाराची पाहावी, खालचा भाग १५ इंच, कंबर बारीक म्हणून मांडीवर नीट टेकते, आणि फळीला हलवायला जोर कमी लागतो तर हळू छेडलं तरी प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. खर्ज थोडा कमी, ते मान्य करायचं.

पार्लर त्याहून लहान, १९व्या शतकातली घरगुती बैठकीची गिटार, येष्टीत मांडीवर घेऊन जाता येते पण ढोलकीपुढं गप्प होते. जंबो १७ इंचांपर्यंत, उंचापुऱ्या माणसानंच घ्यावी. कटअवे, म्हणजे दांडीजवळ डब्ब्याला दिलेली खाच, फक्त वरच्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) हात जावा म्हणून, नुसते कॉर्ड वाजवणाऱ्याला त्याचे जास्त पैसे कशाला?

आकार कोणताही घ्या, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत टिनाखाली उघडी ठेवली तर लाकूड सुकून फ्रेटची टोकं बोटाला टोचतात, कधी फळीही तडकते.

दुकानात स्टुलावर बसून सगळ्याच बऱ्या वाटतात. मी नागपूरला घेताना सरळ फरशीवर मांडी घातली, दुकानदार हसला, पण हातातली ड्रेडनॉट तिथंच परत केली.