रक्तातल्या आकड्यांचा अर्थ: मानवी जैवनिरीक्षणाची पार्श्वभूमी

हवेत शिसे किती, पाण्यात कीटकनाशक किती, हे मोजता येते. त्यातले माणसाच्या अंगात किती गेले, हा प्रश्न वेगळा. कोण काय खातो, कोणाच्या हाताला काय लागते, याचा हिशेब कागदावर मांडला तर हाती अंदाजच येतो. रक्त, लघवी, केस किंवा आईचे दूध तपासले, तर नाका-तोंडातून आणि त्वचेतून आत आलेल्या रसायनाची एकत्र बेरीज मिळते. हेच मानवी जैवनिरीक्षण, म्हणजे ह्यूमन बायोमॉनिटरिंग.

त्याची सुरुवात कारखान्यांतून झाली. शिशाचे काम करणाऱ्यांचे रक्त आणि लघवी तपासायची आणि आकडा फार वर गेला की त्यांना कामावरून बाजूला करायचे. अमेरिकेत विषशास्त्रज्ञ रॉबर्ट केहो यांनी 1920 च्या दशकापासून अशा मोजमापांचा मोठा साठा केला. शंभर ग्रॅम रक्तात 80 मायक्रोग्रॅम शिशापर्यंत धोका नाही, असे ते सांगत. शिसे सगळ्यांच्याच अंगात सापडते, म्हणून ते नैसर्गिक, हाही त्यांचाच युक्तिवाद. त्यांच्या प्रयोगशाळेला पैसा पुरवणाऱ्यांत पेट्रोलमध्ये शिसे मिसळणारा उद्योग होता, हे विसरून हा इतिहास वाचता येत नाही.

1965 मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी या युक्तिवादाच्या मुळावरच घाव घातला. नेहमी आढळते ते नैसर्गिक असतेच असे नाही, असे त्यांनी दाखवून दिले. माणसाच्या अंगातले शिसे नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढलेले होते. 1979 मध्ये बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. विषबाधेची कोणतीही लक्षणे नसलेल्या मुलांतही, ज्यांच्या दातांत शिसे जास्त होते, त्यांची बुद्धिमापन चाचणीतली कामगिरी कमी होती. एवढेसे दात, पण त्यांनी फार मोठा प्रश्न उभा केला.

खरी कलाटणी मात्र एका राष्ट्रीय सर्वेक्षणाने दिली. अमेरिकेत 1976 ते 1980 या काळात हजारो सामान्य नागरिकांचे रक्त तपासले गेले. त्याच वर्षांत पेट्रोलमधले शिसे कमी होत होते आणि रक्तातली सरासरी पातळी जवळपास 37 टक्क्यांनी खाली आली. गणिती प्रारूपांनी एवढी घट अपेक्षित धरलीच नव्हती. पेट्रोलमधले शिसे आणखी झपाट्याने कमी करण्याच्या निर्णयामागे हे आकडे उभे राहिले. पुढे मुलांच्या रक्तातल्या शिशाची दखल घेण्याची पातळीही खाली खाली येत गेली: 1991 मध्ये डेसिलिटरला (100 मिलिलिटरला) 10 मायक्रोग्रॅम, 2012 मध्ये 5, 2021 मध्ये 3.5. ज्या आकड्यावर एकेकाळी कामगाराला सुरक्षित ठरवले जाई, त्याच्या विसाव्या हिश्शाहून कमी पातळीला आज मुलाच्या बाबतीत दखल घेतली जाते.

दरम्यान इतर रसायनांनीही आपल्या खुणा मागे ठेवल्या होत्या. जपानमध्ये बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवण्याची रीत आहे. पाऱ्याच्या विषबाधेसाठी ओळखल्या जाणाऱ्या मिनामाता परिसरातल्या घरांनी जपलेल्या अशा नाळांमधून, आईच्या पोटात असतानाच बाळांपर्यंत मिथिल पारा पोचल्याचा पुरावा वर्षांनंतर मिळाला. इटलीतल्या सेवेसोजवळ 10 जुलै 1976 रोजी कारखान्यातून डायॉक्सिन या अतिविषारी रसायनाचा ढग सुटला. नमुन्याएवढ्या थोड्या रक्तात डायॉक्सिन मोजण्याचे तंत्र तेव्हा नव्हते, तरीही हजारो नमुने गोठवून ठेवले गेले. दशकभराने तंत्र आले आणि ते नमुने बोलू लागले. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत दूरदृष्टीची कृती वाटते. स्वीडनमध्येही आईच्या दुधाचे नमुने साठवलेले होते. त्यांतून दिसले, की आगरोधक म्हणून वापरल्या जाणाऱ्या ब्रोमीनयुक्त रसायनांचे प्रमाण 1972 ते 1997 या काळात दर पाच वर्षांनी साधारण दुप्पट होत होते.

पण अंगात रसायन सापडले म्हणजे आजार झाला, असे नाही. आकड्यावरून धोका कसा ठरवायचा, हा या शास्त्राचा सर्वांत अवघड भाग आहे. त्यासाठी जर्मनीत 1992 मध्ये खास आयोग नेमला गेला आणि त्याने दोन पायऱ्या आखल्या. पहिलीच्या खाली सध्याच्या ज्ञानानुसार अपाय अपेक्षित नाही. दुसरीच्या वर अपाय संभवतो, म्हणून संपर्क तोडायलाच हवा. मधल्या पट्ट्यात पुन्हा तपासायचे आणि रसायन कुठून येते ते शोधायचे. शिवाय प्लास्टिकमधले बिस्फेनॉल ए काही तासांतच लघवीवाटे निघून जाते, तर पीएफओएस हे सहज न विघटणारे फ्लोरिनयुक्त रसायन वर्षानुवर्षे रक्तात राहते. त्यामुळे पहिल्याच्या एकाच नमुन्यावरून त्या माणसाबद्दल फारसे सांगता येत नाही.

2001 मध्ये अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्रीय जैवनिरीक्षण अहवालात 27 रसायने होती. युरोपने 2017 ते 2022 या काळात अनेक देशांची मोजमापे एका पद्धतीत आणली. याच काळात, 2020 मध्ये, युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने चार पीएफएएस रसायनांची (पीएफओएस ज्या फ्लोरिनयुक्त गटात येते, त्यातल्या) मिळून मर्यादा ठरवताना वाट उलटी धरली. लस घेतल्यावर वर्षभराच्या बाळांत प्रतिपिंडे कमी तयार होतात, ती रक्तातल्या या रसायनांच्या कोणत्या पातळीला, इथून सुरुवात केली. दूध पिऊन बाळाने ती पातळी गाठू नये, तर आईच्या रक्तात किती असावे, हे त्यावरून काढले. आणि आईच्या रक्तात तेवढेच राहायचे, तर तिच्या अन्नातून आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे 4.4 नॅनोग्रॅमहून जास्त जाता कामा नये, असा आकडा निघाला.