जायकवाडीची आवक नेमकी काढतात कशी?

ऑगस्ट लागला की पैठणपासून पार परभणीपर्यंत एकच चौकशी सुरू होते, वरून पाणी सुटलं का? आपल्याकडं आभाळ कोरडं का असेना, नाशिककडं घाटमाथ्यावर झड लागली की इकडं जीव भांड्यात पडतो. मग मोबाइलवर आकडे फिरू लागतात. ‘नाथसागरात ३० हजार क्युसेकनं आवक’ वगैरे. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. साडेअकरा हजार क्युसेकची आवक चोवीस तास टिकली, तर साठ्यात जवळपास एक टीएमसीची, म्हणजे एक अब्ज घनफुटांची भर पडते.

पण आवकेचा हा आकडा कुठल्या एका जागी उभं राहून मोजलेला नसतो. तो हिशेबानं काढावा लागतो.

कारण पाणी एका वाटेनं येतच नाही. नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून सुटलेलं गोदावरीचं पाणी नागमठाणवरून पुढं येतं. तिथं नदीची पातळी पाहून विसर्ग ठरवता येतो, कारण कुठल्या पातळीला किती पाणी वाहतं याचं कोष्टक आधीच्या मोजमापांवरून तयार असतं. भंडारदरा, निळवंडे आणि मुळा धरणांकडून आलेलं पाणी घेऊन प्रवरा त्याच्याही खाली, प्रवरासंगमला मिळते. शिवाय आजूबाजूचे ओढे-नाले, आणि थेट जलाशयावर पडणारा पाऊस. या सगळ्यांच्या तोंडाशी मोजणी करणार कोण?

म्हणून अभियंते उलट्या बाजूनं जातात. आवक-जावक वहीसारखाच हा हिशेब. काल सकाळी पातळी किती होती, आज किती आहे, त्यावरून साठा किती वाढला ते काढायचं. त्यात सांडव्यावरून आणि डाव्या-उजव्या कालव्यांतून गेलेलं पाणी मिळवायचं. पाणीपुरवठा योजनांनी उचललेलं आणि वाफ होऊन उडालेलंही मिळवायचं. बेरीज येते ती आवक. मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी नुसत्या उन्हानं दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर खाली जाते, त्यामुळं बाष्पीभवनाचा रकाना किरकोळ समजून सोडता येत नाही.

या एका सेंटिमीटरवर मला जरा थांबायचंय. नाथसागर पूर्ण भरला की त्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो. एवढ्या पाण्याची पातळी एक सेंटिमीटरनं वाढली, तर ३५ लाख घनमीटर, म्हणजे साडेतीन दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी वाढलं. हेच पाणी तासाभरात आलं असं धरलं, तर आवक होते ३४ हजार क्युसेक! म्हणजे मोजपट्टी वाचताना एका बोटाच्या रुंदीहूनही कमी फरक पडला, तरी हिशेबात एक अख्खा पूर अवतरतो किंवा गायब होतो.

आणि तो फरक पडायला वाचणाऱ्याची चूकच लागते असं नाही, वाराही पुरतो. जलाशयाची लांबी ५० किलोमीटरहून जास्त आणि पाणी उथळ, पसरट. पावसाळी वारा पश्चिमेकडून सुटला की पाणी धरणाच्या भिंतीकडं रेटलं जातं आणि तिथली पातळी थोडी चढते. वरून थेंब जास्त आलेला नसतो, तरी आवक वाढलेली दिसते. वारा पडला की तीच आवक घटते, कधी हिशेबात ती उणेसुद्धा निघते. म्हणून काळ लांबवतात. तोच एक सेंटिमीटर चोवीस तासांवर पसरला, तर फरक साधारण १,४०० क्युसेकवर येतो.

कागदोपत्री या आकड्याला ‘इन्फ्लो’ म्हणतात. त्यातला ‘फ्लो’ जर्मानिक कुळातला, संस्कृतातल्या ‘प्लव’चा लांबचा भाऊबंद. त्याच अर्थाचा ‘इन्फ्लक्स’ मात्र लॅटिनमधल्या ‘फ्लुएरे’ म्हणजे वाहणे या क्रियापदापासून आला. दिसायला सारखे, तरी भाषाशास्त्रज्ञ दोघांची मुळं वेगळी मानतात. फ्लुएरेच्याच घरातला ‘इन्फ्लुएन्झा’. ताऱ्यांमधून काहीतरी अदृश्य माणसांत वाहत येतं, अशी युरोपात जुनी समजूत होती. त्यावरून इटलीत साथीला हे नाव पडलं आणि १७४३च्या साथीबरोबर ते इंग्रजीत गेलं. परिणाम दिसतो, येणारा प्रवाह दिसत नाही, म्हणून तो गृहीत धरायचा, असा तो विचार. धरणाची आवकही आपण परिणामावरूनच ओळखतो. फरक इतकाच, की इथं नागमठाणच्या मोजणीशी ताडून पाहता येतं.

हे ताडून पाहणं फार गरजेचं आहे. पावसाळ्यात कुठल्या तारखेला धरण किती भरू द्यायचं हे ठरलेलं असतं. त्याच्या वर साठा जाऊ लागला की आवक पाहून २७ दरवाजांपैकी किती आणि किती फूट उचलायचे याचा निर्णय होतो. अंदाज कमी निघाला तर नंतर एकदम जास्त पाणी सोडावं लागतं, आणि ते पैठण, गेवराई, अंबडच्या नदीकाठच्या शेतांत शिरतं. जास्त निघाला तर पुढच्या उन्हाळ्याचं पाणी हकनाक खाली जातं. पैठणकरांनी २००६चा पूर अंगावर झेललाय, त्यांना यातलं काही नव्यानं सांगायला नको.

म्हणून बातमी देणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे. आवकेचा आकडा छापताना तो किती तासांच्या सरासरीचा आहे हे सोबत द्या, आणि शेजारी त्याच वेळचा नागमठाणचा विसर्गही द्या.