फास्ट ड्रॉ: नेमाला किंमत कधी आली?

21 जुलै 1865. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं स्प्रिंगफील्ड गाव. वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट भर चौकात समोरासमोर आले. भांडण जुगारातल्या देण्याचं आणि त्यापायी टटने अडकवून ठेवलेल्या खिशातल्या घड्याळाचं. दोघांमधलं अंतर सुमारे 75 यार्ड, म्हणजे सव्वादोनशे फूट. दोघांनी जवळजवळ एकदमच चाप ओढला. टटची गोळी हुकली, हिकॉकची टटच्या बरगड्यांतून आत गेली. पिस्तूल आधी कुणी उपसलं, याला त्या चौकात फारसं महत्त्व नव्हतं. त्या काळच्या रिव्हॉल्व्हरने इतक्या लांबून नेम साधला, हीच नवलाची गोष्ट.

पुढे सिनेमाने या लढतींतला नेम बाजूला सारला आणि उपसण्याचा वेग तेवढा ठेवला. फास्ट ड्रॉ, म्हणजे कमरेचं पिस्तूल झटकन उपसून गोळी झाडण्याचा खेळ, जन्मला तो सिनेमातल्या काउबॉयांच्या अमेरिकी पश्चिमेतून, खऱ्या पश्चिमेतून नव्हे. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या करमणूक उद्यानात डी वूलम नावाचा कलाकार पर्यटकांसमोर आगगाडी लुटणाऱ्या डाकूचं काम करायचा. पिस्तूल किती झटकन उपसता येतं, याचा त्याला नाद लागला. त्याने वेळ मोजणारं यंत्र जुळवलं आणि 1954 मध्ये तिथेच पहिली स्पर्धा भरवली.

लगोलग टीव्हीवर काउबॉय मालिकांचा पूर आला. कोल्ट कंपनीने 1873 सालचं आपलं प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर बनवणं बंद केलं होतं. मागणी पाहून 1956 मध्ये ते पुन्हा सुरू केलं. हॉलिवूडच्या नटांना पिस्तूल चालवायला शिकवणाऱ्या आर्व्हो ओहालाने होल्स्टरच्या, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या कमरेच्या म्यानाच्या, चामड्यात धातूचा पत्रा बसवला. बदल लहान, पण परिणाम मोठा. नुसतं चामडं काडतुसांच्या चकरीला घट्ट धरून ठेवतं, चकरी फिरत नाही, त्यामुळे पिस्तूल बाहेर आल्याशिवाय घोडा चढवता येत नाही. पत्र्यामुळे चकरी मोकळी राहिली आणि पिस्तूल होल्स्टरमध्ये असतानाच घोडा चढू लागला. वेळ वाचला. ज्या हौशी मंडळींनी घरी खऱ्या गोळ्यांनी सराव केला, त्यांतल्या काहींनी मात्र स्वतःच्याच पायात गोळी घालून घेतली.

म्हणून स्पर्धांमध्ये आवाजाची, म्हणजे दारू असलेली पण गोळी नसलेली, काडतुसं आणि मेणाच्या गोळ्या आल्या. आवाजाच्या काडतुसाने काही फुटांवरचा फुगा फोडायचा असतो. त्यातून बाहेर पडणारे दारूचे गरम कण पसरत जातात, त्यामुळे नेम थोडा इकडेतिकडे झाला तरी फुगा फुटतो. मेणाची गोळी एकच असते, ती अशी सूट देत नाही. माझ्या मते या खेळात नेमाला खरी किंमत आली ती या मेणामुळे.

गंमत अशी की, वूलमच्या पहिल्या स्पर्धेच्या वर्षीच, 1954 मध्ये, पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हाताची हालचाल आणि लक्ष्याचा आकार यांचा हिशेब मांडला होता. लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका हाताला वेळ जास्त लागतो. त्यानंतर बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये पिस्तुलाऐवजी बटणं देऊन माणसांची झुंज लावली. समोरच्याला पाहून हलणाऱ्याचा हात सुमारे 21 मिलिसेकंदांनी अधिक चपळ निघाला, पण त्याच्या चुकाही जास्त झाल्या. शिवाय पाहून हलायलाच साधारण 200 मिलिसेकंद जातात. सिनेमातला मागाहून उपसणारा नायक इथे हरतो.

आपल्याकडे राही सरनोबतमुळे 25 मीटर पिस्तूल हा प्रकार परिचयाचा झाला. त्यातल्या जलद फेरीत एका गोळीला तीन सेकंद मिळतात. फास्ट ड्रॉमध्ये इशाऱ्याचा दिवा लागल्यापासून गोळी लागेपर्यंतचा सगळा खेळ चांगला नेमबाज अर्ध्या सेकंदाच्या आत संपवतो. एवढ्यात पिस्तूल डोळ्यासमोर आणून नळीवरची माशी (नेम धरायची खूण) जुळवणं शक्यच नसतं. गोळी कमरेजवळूनच सुटते आणि नेम मनगट व कोपर दर वेळी त्याच जागी येण्यावर ठरतो. म्हणून नेम सुधारायचा असेल तर अनुभवी नेमबाज आधी संथ उपसायला लावतात आणि गोळ्या एका जागी पडू लागल्यावरच वेग वाढवू देतात.

2002 मध्ये सुरू झालेल्या काउबॉय फास्ट ड्रॉ असोसिएशनने हा हिशेब थेट नियमांत बसवला. लक्ष्य म्हणजे 24 इंच व्यासाची पोलादी तबकडी, तिच्या मध्यभागी दिवा, अंतर 21 फूट. गोळी मेणाची आणि तिला ढकलायला फक्त शॉटगनचा प्रायमर, म्हणजे काडतूस पेटवणारी छोटी टोपी, वेगळी दारू नाहीच. दिवा लागेपर्यंत हात पिस्तुलावर ठेवून थांबायचं. तबकडीला गोळी लागली तरच वेळ धरली जाते. दोघांच्या सामन्यात जो आधी तीन वेळा जिंकेल तो पुढे जातो. त्यामुळे पाव सेकंदात हुकवणाऱ्याला पाऊण सेकंद लावून तबकडी वाजवणारा प्रतिस्पर्धी सहज हरवतो.