न्यू रिव्हरच्या दरीतल्या पायवाटा मुळात कोणासाठी होत्या?

केमूरच्या बंद खाणीपासून नदीकाठापर्यंत ८२१ पायऱ्या आहेत. उतरताना त्यांचं काही वाटत नाही, हिशेब होतो तो परत चढताना. पायऱ्यांच्या वर, खाणीच्या तोंडाशी, तुम्ही जपून काम करावं हीच घरच्यांची इच्छा, अशा अर्थाची जुनी पाटी आहे. खाली कोळसा भाजून कोक हे लोखंडाच्या भट्टीचं इंधन बनवणाऱ्या भट्ट्यांच्या रांगा असून त्यांच्या विटांमधून झाडांची मुळं घुसलेली दिसतात. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या न्यू रिव्हर गॉर्ज राष्ट्रीय उद्यानात दिवसभराच्या भटकंतीला येणारे बरेचजण निसर्ग बघायला येतात. पण इथल्या कितीतरी पायवाटांवर पाय पडतो तो जुन्या कारखानदारीच्या अवशेषांवर.

नाव 'न्यू', पण ही नदी जगातल्या जुन्या नद्यांमध्ये गणली जाते. उत्तर कॅरोलिनात उगम पावून ती उत्तरेकडे वाहते आणि ॲपलेशियन डोंगररांग कापत पुढे जाते. कापता कापता तिने एक काम असं केलं की पुढचा सगळा इतिहास त्यावरच उभा राहिला. स्यूएल नावाचा उत्तम कोळशाचा थर तिने दरीच्या उतारावर उघडा पाडला. इथे खोल विहिरीसारखी खाण खणायची गरज नव्हती. डोंगराच्या कुशीत आडवं भुयार घालायचं, कोळसा बाहेर काढायचा आणि उतारावरून खाली सोडायचा. अडचण एकच होती. खाली तो न्यायला काही नव्हतं. दरी इतकी अरुंद आणि कडे इतके उभे की धड रस्तासुद्धा नव्हता.

ती अडचण १८७३ साली सुटली. चेसापीक अँड ओहायो रेल्वेचे रूळ दरीतून पूर्ण झाले आणि त्याच वर्षी क्विनिमाँटहून कोळशाच्या वाघिणी निघाल्या. इंग्लंडहून आलेला जॉन नटल तर १८७० सालीच जमीन घेऊन बसला होता. रेल्वे येणार हे त्याने हेरलं होतं. त्याच्या नावाने नटलबर्ग वसलं. अशी डझनावारी गावं मग काठाने उभी राहिली आणि प्रत्येकाची रचना जवळपास सारखीच. उतारावर मध्यावर खाण, खाली रुळांशेजारी कोळसा चाळून वाघिणीत भरण्याचा उंच सांगाडा (त्याला टिपल म्हणतात), भट्ट्या, कंपनीची घरं, कंपनीचं दुकान. आज आपण ज्या वाटांनी चढतो-उतरतो त्यातल्या कितीतरी या दोन टोकांना जोडणाऱ्या आहेत. त्या इतक्या उभ्या का, याचं उत्तर कोळशाच्या थरात आहे.

एकच दिवस हाताशी असेल तर माझ्या मते नटलबर्गला जावं. १९२० मध्ये ही खाण हेन्री फोर्डने भाडेपट्ट्याने घेतली. आपल्या पोलादाला लागणारा कोळसाही आपल्याच ताब्यात हवा, हा त्याचा हिशेब. त्याच्या काळात डोंगराच्या अंगावरून खाली टिपलपर्यंत १,३८५ फूट लांबीचा वाहक बांधला गेला. पोलादी दोरावर ठरावीक अंतराने चकत्या बसवलेल्या. त्यांचं काम कोळसा ओढण्याचं कमी आणि रोखून धरण्याचं जास्त, कारण तो उतारावरून सुसाट आला तर त्याचा चुरा व्हायचा. तो वाहक आणि टिपल अजून जागेवर आहेत. खाण ताब्यात आली तरी रेल्वे फोर्डच्या हाती नव्हती, त्यामुळे १९२८ मध्ये त्याने इथून अंग काढून घेतलं. पुढे मालक बदलत राहिले आणि १९५८ साली काम थांबलं.

गावाचे पायाचे दगड झाडीत शोधावे लागतात. मधून शॉर्ट क्रीक हा ओढा जातो. त्याच्या एका बाजूला गोरे कामगार राहत, दुसऱ्या बाजूला काळे. शाळा वेगळ्या, चर्चही वेगळी. भुयारात मात्र सगळे एकाच अंधारात काम करत.

केमूरची खाण १८९९ ची. लो मूर आयर्न कंपनीने ती आपल्या लोखंडाच्या भट्ट्यांसाठी काढली आणि ती १९६२ पर्यंत चालली. थर्मंड हे रेल्वेचं गाव. तिथे दुकानांसमोर रस्ता नव्हताच, थेट रूळच. वाफेच्या इंजिनांना कोळसा-पाणी भरण्यावर ते जगत होतं. डिझेल इंजिनं आली आणि गाव ओस पडलं. २०२० च्या जनगणनेत तिथे पाच माणसं होती.

खाणी मिटल्यावर दरीत झाडी परतली. आज जे घनदाट जंगल दिसतं ते बहुतेक तोडीनंतर पुन्हा वाढलेलं आहे. १९७७ मध्ये ८७६ फूट उंचीचा कमानी पूल झाला आणि दरीत उतरून पलीकडे चढायला लागणारी सुमारे ४० मिनिटं मिनिटभरावर आली. पुढच्याच वर्षी दरी राष्ट्रीय नदी म्हणून संरक्षित झाली. डिसेंबर २०२० मध्ये तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, पण स्थानिक शिकाऱ्यांचा हक्क राखून. सुमारे ७,००० एकरांचं उद्यान, जिथे शिकारीला बंदी, आणि भोवती ६५,००० एकरांचं राखीव क्षेत्र, जिथे परवानगी. ही तडजोड मला समंजस वाटते.

निव्वळ देखाव्यासाठीच्या वाटाही आहेत. लाँग पॉइंटवरून पूल समोर दिसतो. एन्डलेस वॉलच्या कड्यांवर गिर्यारोहक लोंबकळत असतात, आणि त्या वालुकाश्मालाही भूशास्त्रात नटलचंच नाव आहे. ग्रँडव्ह्यूवरून नदी १,४०० फूट खाली वळसा घेताना दिसते. ते १९३९ पासून राज्याचं उद्यान होतं.

ज्या रेल्वेच्या भरवशावर नटलने जमीन घेतली ती अजून चालू आहे. टिपलजवळ उभं राहिलं की मालगाडी समोरून धडधडत जाते, नटलबर्गला न थांबता.